प्रवरा खोऱ्यातील जलचरांचा अधिवास आणि शासकीय द्रव्यसाहाय्य : एक ऐतिहासिक विचार

श्रीरामपूर हे शहर प्रवरा नदीच्या काठी वसलेले नाही. ते प्रवरेच्या कालव्याच्या काठी वाढलेले आहे. नदी शहराच्या दक्षिणेस काही मैलांवर, बेलापूर गावाजवळून वाहते. शहराची भरभराट, भोवतालचा ऊस आणि त्यावर उभे राहिलेले साखरेचे कारखाने हे सर्व प्रवरा डाव्या कालव्याचे ऋणी आहेत. नदी आणि कालवा यांमधील हे अंतर केवळ भौगोलिक नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत या खोऱ्यात जो सरकारी पैसा आला तो कोणत्या हेतूने आला, आणि नदीतील मासे व तिच्या आश्रयाने राहणारे वन्य जीव यांचा अधिवास राखण्यासाठी किंवा पुन्हा उभा करण्यासाठी त्यातील काही खर्ची पडले काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या) आर्थिक इतिहासात पाटबंधाऱ्यांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने नदीच्या या बाजूकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे.

प्राचीन काळी या खोऱ्याचे प्राणिजीवन कसे होते, याविषयी सावधपणेच बोलावे लागते. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद हे ताम्रपाषाणयुगीन स्थळ आहे. तेथे १९७४ साली धातूच्या चार भरीव प्रतिमा सापडल्या : बैलजोडीचा रथ व त्याचा सारथी, रेडा, हत्ती आणि गेंडा. या प्रतिमांचा काळ आणि मूळ यांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. म्हणून गेंडा याच खोऱ्यात वावरत होता, असा निष्कर्ष केवळ त्या प्रतिमेवरून काढणे धाडसाचे ठरेल. नदीतील माशांविषयी शास्त्रीय नोंद हवी असेल तर एकोणिसाव्या शतकापर्यंत खाली यावे लागते.

ही नोंद सरकारी सेवेतील एका अधिकाऱ्याने केली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत असे. दख्खनमधील माशांची त्याने केलेली वर्णने १८३९ पासून प्रसिद्ध झाली. पुण्याजवळील मुळा-मुठेसारख्या नद्यांत मिळालेल्या माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने स्थानिक मराठी नावांचाच आधार घेतला. ‘खुद्री’, ‘कोलस’, ‘सिंघाला’, ‘मुल्या’ ही जातिनामे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात रूढ आहेत. यांपैकी महसीर वर्गातील खुद्री, शिंगाळा इत्यादी जाती गोदावरीच्या खोऱ्यातही आढळतात. म्हणजे दख्खनी नद्यांतील माशांची पहिली पद्धतशीर गणना सरकारी चाकरीतून झाली. परंतु हा खर्च माहिती मिळवण्यापुरताच होता.

संरक्षणाचा विचार पुढील पिढीत आला. डॉ. फ्रान्सिस डे याने १८७३ मध्ये हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मत्स्यव्यवसायावर सरकारला प्रतिवृत्त सादर केले. बारीक आसाची जाळी, अंडी घालण्याच्या हंगामातील मासेमारी आणि माशांना वर चढण्यास वाट न ठेवता बांधलेले बंधारे यांमुळे होणाऱ्या हानीकडे त्याने लक्ष वेधले. या चर्चेतून पुढे १८९७ चा भारतीय मत्स्योद्योग अधिनियम झाला. सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारण्यास त्याने बंदी केली आणि जाळ्यांचे आस, बंदीचा काळ इत्यादींविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. मात्र अधिवास राखण्यासाठी कसलाही निधी त्या अधिनियमाने निर्माण केला नाही. डेने दाखविलेल्या हानीपैकी मासेमाराच्या हातून होणारी हानी कायद्याच्या कक्षेत आली. सरकारच्या स्वतःच्या बांधकामांमुळे होणारी हानी कक्षेबाहेर राहिली.

प्रवरेच्या बाबतीत या उणिवेला पुढे फार मोठे महत्त्व आले. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी नगर जिल्हा पोळला होता. १९०१-०३ च्या सिंचन आयोगानंतर दुष्काळनिवारणाची कामे म्हणून दख्खनमध्ये मोठी धरणे हाती घेण्यात आली, त्यांत भंडारदरा हे प्रमुख होय. १९१० मध्ये सुरू झालेले हे काम पुरे होऊन १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे २७० फूट उंचीच्या या भिंतीआड सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठते. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून संगमनेर तालुक्यातील ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांत वळते.

या रचनेचा परिणाम नदीच्या दोन भागांवर निरनिराळा झाला. ओझरच्या वर नदीला पाणी असते, परंतु ते ऋतूच्या क्रमाने न येता पिकांच्या पाळीने येते. ओझरच्या खाली, म्हणजे बेलापूर व दायमाबाद ज्या पट्ट्यात आहेत तेथे, पावसाळा सरल्यावर पात्रात राहते ते पाझराचे आणि बंधाऱ्यांनी अडविलेले पाणी. महसीरासारखा मासा पावसाळ्याच्या पुरात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ, खळाळत्या पाण्यात वाळू-गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. उन्हाळ्यात तो खोल डोहांच्या आश्रयाने तग धरतो. त्याला वर जाण्याची वाट, गोट्यांचा तळ आणि डोह या तिन्ही गोष्टी एकाच नदीत लागतात. धरणाने पहिली गोष्ट हिरावली. पुढे वाळूच्या बेसुमार उपशाने दुसरी आणि गाळ व सांडपाणी यांनी तिसरी धोक्यात आली. अर्थात ज्या पिढीने गुरांच्या हाडांचे ढीग पाहिले होते तिने कालव्याला प्राधान्य दिले याबद्दल तिला दोष देणे अनैतिहासिक होईल. येथे एवढेच नोंदवावयाचे की, धरणाच्या खर्चात नदीच्या नुकसानीचा हिशेब मांडला गेला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर मत्स्यव्यवसायासाठी नियोजनातून नियमित पैसा मिळू लागला. परंतु त्याचा हेतू अन्नोत्पादनाचा होता. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी कटक येथे कार्प जातीच्या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यापूर्वी मत्स्यबीज नद्यांतून गोळा करून दूरवर न्यावे लागे. त्यानंतर ते मत्स्यबीज केंद्रांत मुबलक तयार होऊ लागले. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज जलाशयांत सोडणे हे या खात्याचे मुख्य काम ठरले. तिलापियासारखा परदेशी मासा भारतात १९५२ मध्येच आणला गेला होता. या धोरणाने भोई व कोळी कुटुंबांना उत्पन्न मिळाले, सहकारी मत्स्यसंस्था उभ्या राहिल्या, हे निर्विवाद आहे. परंतु खर्चाचे यश बीजाच्या संख्येत आणि माशांच्या वजनात मोजले जात असल्यामुळे, जो मासा केंद्रात वाढत नाही व बाजारात वजन देत नाही, तो हिशेबात आलाच नाही. या संदर्भात एक अपवाद उल्लेखनीय आहे. १९७० नंतर लोणावळ्याजवळ महसीराचे बीज तयार करण्याचे जे दीर्घकालीन काम झाले ते टाटांच्या वीज कंपनीने केले, म्हणजे त्यामागे खाजगी पैसा होता.

प्रदूषणाच्या बाबतीत महाराष्ट्राने पुढाकार घेतला. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम १९६९ चा, म्हणजे केंद्रीय अधिनियमाच्या पाच वर्षे आधीचा आहे. त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन झाले. साखर कारखाने व आसवन्या यांचे सांडपाणी सेंद्रिय द्रव्याने भरलेले असते. ते पात्रात मिसळले की पाण्यातील प्राणवायू शोषला जातो व मासे गुदमरतात. त्यामुळे कालव्याच्या प्रदेशात हा कायदा विशेष महत्त्वाचा होता. १९७७ च्या अधिनियमाने उद्योग व स्थानिक संस्था यांच्या पाणीवापरावर उपकर बसविला आणि त्याचे उत्पन्न प्रदूषण मंडळांकडे वळविण्याची सोय केली. पाणी वापरणाऱ्याकडून घेतलेला पैसा पाण्याच्याच रक्षणासाठी खर्च व्हावा, हे तत्त्व भारतात प्रथमच एवढ्या स्पष्टपणे मान्य झाले. परंतु तो पैसा तपासणी व नियंत्रण यांसाठी होता. अधिवासाची पुनर्रचना हा त्याचा विषय नव्हता. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा २०१७ मध्ये हा उपकरही रद्द झाला. १९९५ नंतरच्या राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेने गोदावरीकाठच्या नाशिक, नांदेड इत्यादी शहरांसाठी पैसा दिला, तोही मुख्यत्वे सांडपाणी अडविण्यासाठी व शुद्ध करण्यासाठी.

या ठिकाणी अमेरिकेतील उदाहरण तुलनेस घेता येईल. तेथे १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील अबकारी कर वन्य जीवांच्या पुनःस्थापनेसाठी, आणि १९५० च्या कायद्याने मासेमारीच्या साहित्यावरील कर माशांच्या पुनःस्थापनेसाठी राखून ठेवला. तेथील शिकारी व हौशी मासेमार हा संघटित व सधन वर्ग होता; त्याने दिलेला कर त्याच्याच छंदाच्या रक्षणास लागला. प्रवरेकाठचा भोई हा गरीब व असंघटित होता आणि जाळ्यावर कर बसविणे त्याच्या बाबतीत अन्यायाचे झाले असते. म्हणून ती पद्धत येथे तशीच आणता आली नसती. मात्र पाणी घेणाऱ्याने नदीसाठी द्यावे, हा १९७७ चा भारतीय मार्ग पुढे अधिवासापर्यंत नेता आला असता.

वन्य जीवांच्या कायद्यातही मासा दीर्घकाळ दाराशीच थांबला. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमात ‘वन्य जीव’ या संज्ञेत मासा होता. परंतु ‘प्राणी’ या संज्ञेच्या व्याख्येत उभयचर, पक्षी, सस्तन व सरपटणारे प्राणी एवढेच होते. मासा त्या व्याख्येत आला तो २००२ च्या दुरुस्तीने. तोवर वन खात्याच्या दृष्टीने पाण्यातील अधिवास म्हणजे प्रामुख्याने पक्ष्यांचा अधिवास असे. आणि येथेच या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट समोर येते. गोदावरी व कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेल्या नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यात गाळ साचत गेला, दलदल झाली, वनस्पती वाढल्या आणि असंख्य पक्षी येऊ लागले. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. त्या धरणाच्या नाथसागर जलाशयाचा फुगवटा प्रवरा जेथे गोदावरीस मिळते त्या टोका-प्रवरासंगमपर्यंत पोहोचतो. तेथेही उथळ काठांवर पक्ष्यांचे थवे उतरू लागले. ही दोन्ही ठिकाणे १९८६ मध्ये पक्षी अभयारण्ये म्हणून घोषित झाली. जानेवारी २०२० मध्ये नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

म्हणजे या प्रदेशात शासनाच्या पैशाने वन्य जीवांचे जे सर्वांत मोठे पाणथळ अधिवास निर्माण झाले ते वन्य जीवांसाठी ठेवलेल्या पैशाने झाले नाहीत. पाटबंधाऱ्यांच्या पैशाने, अनुषंगाने झाले. ज्या बांधकामाने वाहत्या पाण्यातील माशांची वाट बंद केली त्याच प्रकारच्या बांधकामाने साठलेल्या पाण्यातील पक्ष्यांना घर दिले. हा लाभ खरा आहे. परंतु तो त्या हानीची भरपाई नव्हे. बदकाला उथळ, संथ पाणी हवे, महसीराला वाहते. एकाच्या अधिवासाची नोंद दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही.

अलीकडील काळात परिस्थितीत काही पालट दिसतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेची एकूण रक्कम २०,०५० कोटी रुपये ठरविण्यात आली. तिच्या अंतर्गत नद्यांत देशी माशांचे बीज सोडण्याचा कार्यक्रम ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेश, उत्तराखंड, ओडिशा, त्रिपुरा व छत्तीसगड येथून सुरू झाला. जलाशयाऐवजी नदी आणि परक्या माशाऐवजी देशी मासा, हे स्थित्यंतर महत्त्वाचे होय. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने आंबोली येथील हिरण्यकेशीच्या उगमाजवळचा २.११ हेक्टरांचा परिसर, तेथे नव्याने आढळलेल्या एका लहानशा माशासाठी, जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. माशासाठी जागा राखली जाऊ शकते, हे या निर्णयाने सिद्ध झाले. किमान पर्यावरणीय प्रवाहाची अधिसूचना मात्र ऑक्टोबर २०१८ मध्ये निघाली ती गंगेसाठी. प्रवरेसारख्या नदीला तिचा लाभ नाही.

याच काळात प्रवरेवर खर्च होत राहिला तो पुन्हा कालव्यांवर. १९७० मध्ये कल्पिलेल्या निळवंडे प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे उद्घाटन २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. ८५ किलोमीटर लांबीच्या या कालव्याचा लाभ १८२ गावांना व्हावयाचा असून प्रकल्पाचा खर्च सुमारे ५,१७७ कोटी रुपये सांगण्यात आला. अवर्षणग्रस्त गावांनी पन्नास वर्षे ज्या पाण्याची वाट पाहिली त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु २०१४ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशानंतर नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याविषयी जो वाद वर्षानुवर्षे होत आला आहे, त्यात शेतकरी, शहर व उद्योग हे तीन पक्षकार दिसतात. ज्या पात्रातून ते पाणी जाते ती नदी स्वतः पक्षकार म्हणून कोठेच दिसत नाही. पाणी सोडले की ओझरच्या खाली प्रवरा काही दिवस वाहते आणि दारे बंद झाली की थांबते.

वरील विवेचनावरून निष्कर्ष असा निघतो की, या खोऱ्यात शासकीय पैशाचा अभाव कधीच नव्हता. अभाव होता तो लेखाशीर्षाचा. पाटबंधाऱ्यांचे खाते पाण्याचे घनफूट मोजते, मत्स्य खाते बीज व उत्पादन, प्रदूषण मंडळ सांडपाण्याचे गुणधर्म आणि वन खाते अभयारण्याच्या सीमा. या चौघांच्या मोजमापात नदीचा गोट्यांचा तळ, डोह आणि ऋतूनुसार होणारा प्रवाह यांना स्थान मिळाले नाही. त्यामुळे नदीत मत्स्यबीज सोडण्यास पैसा मिळाला, तरी ते बीज जगेल असे पात्र राखण्यास मिळाला नाही. पुढे प्रवरेसाठी पुनःस्थापनेचा निधी उपलब्ध झाला, तर तो सोडलेल्या बोटुकल्यांच्या संख्येवरून जोखला जातो, की बेलापूरच्या डोहात मे महिन्यात उरलेल्या पाण्यावरून, यावर त्याचे ऐतिहासिक वेगळेपण ठरेल.