समोरच्याचा बॅकअप

सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हटलं की नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. एक, कोणता लॅपटॉप घेऊ? आणि दोन, फोनमधलं गेलेलं चॅट परत मिळेल का? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धन पट्ट्यावर आदळलं, कौलं आणि पत्रे उडाले, दिवसच्या दिवस वीज नव्हती. त्यानंतर हा दुसरा प्रश्न जरा जास्तच यायला लागला. फोन भिजलेला, आणि त्यात कुणाचं तरी शेवटचं बोलणं.

तर मंडळी, यात जादू काहीच नाही. शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. व्हॉट्सॲपची रोजची प्रत फोनमध्ये एका फोल्डरात पडलेली असते, पण ती कुलूपबंद असते आणि किल्ली फोनच्या आतल्या कप्प्यात. नुसती फाईल कॉपी करून घेतली म्हणजे तिजोरी आणली आणि किल्ली घरी विसरली. आयफोनचा बॅकअप कॉम्प्युटरवर घेतलेला असेल तर मेसेज त्यात असतात, फक्त फायलींची नावं चाळीस अक्षर-आकड्यांची असल्यामुळे माणूस बघूनच घाबरतो. याहू मेसेंजर २०१८ साली बंद झाला, पण त्याच्या जुन्या फायली कुणाच्या हार्डडिस्कवर असतील तर त्या अजूनही उघडतात, कारण त्यांची 'किल्ली' म्हणजे ज्याचं खातं त्याचाच आयडी! आणि डिलीट केलेला मेसेज डेटाबेसमधून लगेच पुसला जात नाही. जागा रिकामी झाली एवढीच नोंद होते, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनी अक्षरं तिथेच असतात.

हे सगळं करून हाती काही लागलं नाही की मी शेवटचा प्रश्न विचारतो: समोरच्याकडे आहे का? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. संभाषण दोघांचं असतं, त्यामुळे त्याच्या प्रती दोन.

आता मूळ विषयाकडे येतो. ज्या किनाऱ्यावरून हे भिजलेले फोन आले, त्याच किनाऱ्याचं एक जुनं संभाषण असंच समोरच्याच्या प्रतीतून परत मिळालेलं आहे. साल १६७९, जागा खांदेरी.

थळच्या किनाऱ्यावरून समोर दोन बेटं दिसतात, जवळ उंदेरी आणि त्यापलीकडे खांदेरी. मुंबई बंदराच्या तोंडावरच म्हणा ना. तिथे किल्ला झाला तर मुंबईत येणारं-जाणारं प्रत्येक गलबत मराठ्यांच्या नजरेखाली. म्हणून शिवाजी महाराजांनी १६७२ साली पहिल्यांदा प्रयत्न केला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले. १६७९ च्या पावसाळ्यात महाराजांनी परत माणसं पाठवली. मायनाक भंडारी, बरोबर दीडशे माणसं आणि चार छोट्या तोफा. दगड रचायला सुरुवात झाली.

इंग्रजांनी गलबतं पाठवून बेट घेरलं. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. मग रिचर्ड केग्विन आणि 'रिव्हेंज' हे मोठं जहाज आलं. १८ ऑक्टोबरला पहाटे दौलतखानाचं आरमार नागावच्या बाजूने इतक्या वेगाने आलं की इंग्रजांना नांगर उचलायलाही जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' नावाच्या गुराबेने निशाण उतरवलं आणि ती मराठ्यांच्या हाती गेली. 'रिव्हेंज' मात्र तोफा डागत टिकून राहिली आणि मराठी आरमाराला मागे हटावं लागलं. पण वेढ्याचा उपयोग होत नव्हता. रात्री अंधारात छोट्या होड्या किनाऱ्यावरून बेटावर धान्य आणि दारूगोळा पोचवत राहिल्या. १६८० च्या जानेवारीत सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर कब्जा केला, इंग्रजांनी समेट करून माघार घेतली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

आता प्रश्न असा, की हे सगळं इतकं तारीखवार, जवळजवळ तासवार, आपल्याला माहीत कसं?

मराठी कागदांवरून नाही! जिल्ह्याला ज्याचं नाव आहे तो रायगड १६८९ च्या नोव्हेंबरात मोगलांच्या हाती पडला आणि त्या धामधुमीत तिथलं दफ्तर गेलं. जळालं, असंच आपण ऐकत आलोय. म्हणजे मुख्य सर्व्हरच गेला. पुढे १६९७ च्या सुमारास जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली, ती बरीचशी आठवणीतून. आठवणीत माणसं नीट राहतात, तारखा राहत नाहीत.

खांदेरीचे बारकावे आले ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांतून. कंपनीची पद्धत बघण्यासारखी आहे. मुंबईने सुरतेला पत्र लिहिलं की त्याची नक्कल मुंबईच्या वहीत. पत्र सुरतेला पोचलं की ते तिथे. सुरतेहून लंडनला कळवायचं तर एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी, कारण एखादं जहाज बुडणार हे गृहीतच धरलेलं. आज आपण डेटा तीन ठिकाणी ठेवा म्हणून लोकांच्या कानीकपाळी ओरडतो, ते या वाण्यांनी तेव्हाच केलं होतं. (१८५८ नंतर लंडनमध्ये कंपनीचे ढीगभर कागद रद्दीत काढले गेले, हेही सांगायला हवं. जागा कमी पडली की डिलीट करणारे सगळीकडेच असतात.) एवढं होऊनही १६७९ ची पत्रं वाचली. १९३१ साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' म्हणून ती छापली, आणि गेल्या नव्वद वर्षांत खांदेरीवर ज्याने लिहिलं त्याने बहुतेक तिथूनच घेतलं.

या पत्रांची एक सवय मला फार आवडते. उत्तर लिहिताना सुरुवातीलाच सांगायचं, तुमचं अमुक तारखेचं पत्र पोचलं, त्यात तुम्ही असं असं लिहिता. मग आपलं म्हणणं. त्यामुळे मूळ पत्र हरवलं तरी त्याचा गाभा उत्तरात सापडतो. व्हॉट्सॲपमध्ये एखाद्या मेसेजला धरून उत्तर दिलं की मूळ मेसेजचा मजकूर उत्तराबरोबर वेगळा साठवला जातो, आणि कधीकधी मूळ पुसला गेला तरी तो तुकडा तिथे मिळतो. अगदी तीच गोष्ट.

पण आता मुख्य अडचण. फोनच्या बाबतीत समोरच्याच्या प्रतीत माझेही मेसेज असतात, माझ्याच शब्दांत. खांदेरीचं तसं नाही. मुंबई, सुरत आणि समुद्रावरचे कप्तान हा इंग्रजांचा आपसातला ग्रुप होता. मायनाक, दौलतखान आणि रायगड हा दुसरा ग्रुप, आणि त्यात इंग्रज नव्हते. आपल्याला परत मिळालाय तो पहिला ग्रुप. त्यात मराठे आहेत, पण ज्यांच्याबद्दल बोललं जातंय असे. बोलणारे म्हणून नाहीत.

आणि त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला वरच्याला हिशोब द्यायचा होता. थॉर्प मेला, तर त्याने हुकुमाबाहेर जाऊन उतरायचा उद्योग केला असा सूर लागतो. मेलेला माणूस खुलासा द्यायला येत नाही. 'डव्ह' हातची गेली, पण 'रिव्हेंज'ने शौर्य गाजवलं. सुरतेला खर्चाची चिंता, मुंबईला अब्रूची. ऑफिसात प्रोजेक्ट बुडाल्यावरची ई-मेल ज्यांनी वाचली आहेत त्यांना ही भाषा लगेच ओळखू येईल. म्हणून मला वाटतं, या पत्रांतली सगळ्यात खरी माहिती त्यांच्या बढाईत नाही, तक्रारीत आहे. रात्री होड्या निसटतात, आमची जड गलबतं वाऱ्याविना हलत नाहीत, ते लोक वल्ह्यांवर उथळ पाण्यातून निघून जातात, असं इंग्रज जेव्हा कुरकुरतात तेव्हा नकळत ते मायनाक भंडाऱ्याची डायरी लिहीत असतात. खांदेरी तोफांनी राखली तितकीच थळ-नागावच्या त्या होडीवाल्यांनी राखली, हे आपल्याला शत्रूच्या वैतागातून कळतं. त्या होडीवाल्यांपैकी एकाचंही नाव कुठे नाही.

वेळेच्या नोंदींचा घोळ तर विचारूच नका. ज्याने दोन देशांतल्या सर्व्हरचे लॉग जुळवले आहेत त्याला हे दुखणं माहीत आहे. इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत. शेजारी चौल-रेवदंड्याला बसलेले पोर्तुगीज मात्र १५८२ पासून नव्या, ग्रेगोरियन कॅलेंडरवर. दोघांत दहा दिवसांचा फरक. म्हणजे इंग्रजांची १८ ऑक्टोबरची लढाई पोर्तुगीज कागदात २८ ला. त्यात इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदले, त्यामुळे उंदेरी सिद्दीने घेतली तो जानेवारी त्यांच्या लेखी १६७९ च. नवख्या माणसाला वाटेल उंदेरी आधी आणि खांदेरी नंतर! आणि मराठी कागदात शके, तिथी आणि सुहूर सन. त्या वर्षाचा सुहूर १०८०, तोही अरबी शब्दांत, 'समानीन अलफ', आणि वर्ष सुरू मृगापासून. बरं, महाराजांच्या निधनाची आपण पाठ केलेली ३ एप्रिल १६८० ही तारीखसुद्धा ज्युलियनच आहे. आजच्या कॅलेंडरने ती १३ एप्रिल होते. चैत्री पौर्णिमा धरली तर काहीच भानगड नाही.

पोर्तुगीजांचं नाव निघालंच आहे तर तिसऱ्या फोनबद्दल सांगतो. गोव्याचा विजरई दर वर्षी लिस्बनशी जो पत्रव्यवहार करी तो मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांच्या हिशोबाने बांधून ठेवलेला आहे, त्या वह्यांना मोसमाची पुस्तकंच म्हणतात. म्हणजे वार्षिक बॅकअप. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य त्या दफ्तरात घालवलं, आणि त्यांचं 'पोर्तुगेज-मराठे संबंध' १९६७ साली मराठीत आलं. दोन शत्रूंच्या दोन प्रती जुळल्या की थोडा भरवसा वाटतो. आग्र्याच्या सुटकेचंही असंच झालं. जयपूरच्या दफ्तरात तिथल्या कारकुनांनी घरी पाठवलेली राजस्थानी पत्रं सापडली, आणि १६६६ च्या त्या दिवसांचं चित्र बखरींपेक्षा बरंच वेगळं आणि जिवंत निघालं.

पण प्रत मिळूनही आवाज हरवतो याचं सगळ्यात चुटपुट लावणारं उदाहरण अलिबागचंच आहे. १७२४ साली मुंबईचा गव्हर्नर विल्यम फिप्स आणि कान्होजी आंग्रे यांच्यात पत्रं झाली. फिप्सने सुनावलं की जुलूम आणि चाचेगिरीवर चालणारं राज्य टिकत नसतं. त्यावर कान्होजींचं उत्तर असं, की दुसऱ्याच्या मालावर डोळा ठेवण्यात व्यापारीही काही मागे नाहीत, आणि शिवाजी महाराजांनी चार बादशहांशी लढूनच राज्य उभं केलं, ते टिकलं की नाही ते तुम्ही आणि तुमच्या आधीचे जाणतातच. काय टोला आहे! पण आपल्याला तो इंग्रजीत मिळतो. कंपनीच्या दुभाषाने केलेलं भाषांतर, कंपनीच्या कारकुनाच्या अक्षरात. कान्होजींनी त्या 'जाणतातच'साठी कुठला शब्द वापरला होता? मी हे वाक्य मराठीत करून बघतो तेव्हा दर वेळी वेगळं होतं, आणि ते दर वेळी माझं असतं, त्यांचं नसतं.

महाराजांचे अस्सल शब्द जिथे आहेत तिथे ते कसे वाचले ते बघा. १९ मे १६७३ चं चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेलं पत्र, ज्यात दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेतील अशी ताकीद आहे. किंवा पद्मदुर्गाला रसद वेळेवर पोचवली नाही म्हणून प्रभावळीच्या सुभेदाराला झाडलेलं पत्र. दोन्ही पाठवणाऱ्याच्या दफ्तरामुळे उरलेली नाहीत. ज्यांना बोलणी खावी लागली त्यांच्याकडे राहिली म्हणून उरली! राजवाड्यांसारखे लोक गावोगाव फिरले ते याच हिशोबाने. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, तिथे आजही घराघरांतून आलेले रुमाल आहेत.

खांदेरीच्या दुसऱ्या ग्रुपमधले सगळेच कागद रायगडावर गेले असतील असं नाही. रसद किनाऱ्यावरून गेली, म्हणजे थळ, अलिबाग, नागाव, चौल इथल्या कुणाला तरी धान्य द्या, होड्या द्या म्हणून लिहिलं गेलं असणार. ती चिठ्ठी ज्याला आली त्याच्याकडे राहिली असणार, निदान काही पिढ्या.

२०२५ च्या जुलैत खांदेरी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यामुळे बेटावर जाणारे वाढतील. पण मला बेटापेक्षा समोरच्या गावांतले माळे जास्त महत्त्वाचे वाटतात. निसर्ग वादळात त्याच माळ्यांवरची कौलं उडाली होती. तुमच्या घरी मोडीतले कागद असतील, 'जमिनीचे असतील काहीतरी' म्हणून बांधून ठेवलेले, तर उन्हात वाळत घालू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा. लॅमिनेशन अजिबात करू नका, ते परत सुटत नाही. सेलोटेपही नको. फोनने दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागची कोरी वाटली तरी, कारण पत्ता आणि पोचल्याची तारीख बरेचदा मागेच असते. फोटो दोन ठिकाणी ठेवा. आणि रुमालातला कागदांचा क्रम आहे तसाच राहू द्या.