१ ला कोणत्या रांगेत बसवायचे?

गणित शिक्षकांच्या एका शिबिरात सहावीला शिकवणाऱ्या एका बाईंनी आमच्यापुढे चाचणीची एक उत्तरपत्रिका ठेवली. प्रश्न एका गुणाचा होता : सर्वांत लहान मूळ संख्या कोणती? मुलीने लिहिले होते, '१'. त्यावर लाल फुली होती.

मुलगी गप्प बसणारी नव्हती. तिने वही उघडून बाईंनीच सांगितलेली व्याख्या दाखवली : 'ज्या संख्येला १ ने आणि त्याच संख्येने भाग जातो, इतर कोणत्याही संख्येने भाग जात नाही, ती मूळ संख्या.' मग तिचे म्हणणे असे : १ ला १ ने भाग जातो, स्वतःनेही जातो, इतर कशानेही जात नाही, तर फुली का? बाईंनी पुस्तकातले वाक्य दाखवले, '१ ही संख्या मूळही नाही आणि संयुक्तही नाही.' मुलगी म्हणाली, "हो, पण का?"

फुली ठेवायची की खोडायची, हा बाईंचा प्रश्न होता. आमच्यापैकी एकाने लगेच सांगितले की चूक व्याख्या सांगण्यात झाली. 'जिला नेमके दोनच विभाजक असतात ती मूळ संख्या' असे म्हणावे. १ ला विभाजक एकच, त्यामुळे ती आपोआप बाहेर पडते. बाईंनी शांतपणे विचारले, "म्हणजे १ ला बाहेर ठेवता यावे म्हणूनच व्याख्या तशी केली, असेच ना?"

आम्ही निरुत्तर झालो, कारण त्यांचे खरे होते. 'दोनच' या शब्दात १ ला दारातच अडवण्याची सोय आहे, तो का अडवायचा याचे कारण नाही. कारण शोधायचे तर इतिहासात शिरावे लागते. आम्ही शिरलो तेव्हा ध्यानात आले की या मुलीच्या बाजूने उभी राहणारी माणसे काही लहानसहान नव्हती.

सुरुवात युक्लिडपासून करू. त्याचा 'एलिमेंट्स' हा ग्रंथ इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचा. त्याच्या सातव्या भागाच्या आरंभी व्याख्या आहेत. पहिली व्याख्या एककाची : ज्यामुळे प्रत्येक वस्तूला 'एक' म्हटले जाते ते एकक. दुसरी संख्येची : एककांचा समुदाय म्हणजे संख्या. या दोन व्याख्या लागोपाठ वाचल्या की युक्लिडच्या लेखी १ ही संख्याच नाही, हे दिसते. एकटा माणूस म्हणजे जमाव नव्हे, तसेच हे. पुढे मूळ संख्येची व्याख्या येते : जी फक्त एककाने मोजली जाते ती. तेथे १ मूळ आहे का, हा प्रश्न उद्भवतच नाही. जो सभासदच नाही, तो कोणत्या गटात, असे कोण विचारील?

ग्रीकांमध्ये भांडण होते ते १ वरून नव्हे, २ वरून. ॲरिस्टॉटलने २ ही एकमेव सम मूळ संख्या असल्याचे नोंदवले आहे. पण इसवी सन १०० च्या आसपास होऊन गेलेल्या निकोमेकसने मूळ संख्या हा विषम संख्यांचाच एक पोटभेद मानला, त्यामुळे त्याच्या यादीत २ ला जागा नव्हती. आपण शाळेत शिकवतो त्या इराटोस्थेनिसच्या चाळणीचे वर्णन निकोमेकसच्या पुस्तकात मिळते, आणि तेथे चाळायला घेतल्या आहेत त्या ३ पासूनच्या विषम संख्या. आज तसे उत्तर लिहिणाऱ्या मुलाचाही गुण गेला असता.

१ ही संख्या नाही, हे मत युरोपात पुढे दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकले. त्यावर सर्वांत खणखणीत हल्ला केला तो ब्रूजच्या सायमन स्टेव्हिनने, १५८५ साली. दशांश अपूर्णांकांचा युरोपात प्रसार करणारी त्याची पुस्तिकाही त्याच वर्षीची. १ बद्दलचा त्याचा युक्तिवाद पाचवीच्या वर्गातही सांगता येतो. ३ मधून जे संख्याच नाही ते वजा केले, तर ३ तसेच राहायला हवेत. पण ३ मधून १ वजा केला की २ उरतात. मग १ ही संख्या नाही असे कसे म्हणता? त्याचा दुसरा मुद्दा असा की अंश आणि पूर्ण यांची जात एकच असते. पोळीचा तुकडा पोळीच असतो. १ हा एककांच्या समुदायाचा अंश आहे, म्हणून तोही संख्याच.

१ ला संख्यांच्या घरात प्रवेश मिळाला तो हळूहळू. पण प्रवेश मिळाल्याबरोबर प्रश्न आला, की याला बसवायचे कुठे? संयुक्त तर तो नाही, कारण त्याचे लहान अवयव पडत नाहीत. मग उरली मूळ संख्यांची रांग. अनेकांनी त्याला तेथे बसवले, आणि त्यात कोणाला काही गैर वाटले नाही.

यातले प्रसिद्ध उदाहरण म्हणजे गोल्डबाखचे पत्र. ७ जून १७४२ रोजी मॉस्कोहून त्याने ऑयलरला पत्र लिहिले आणि समासात एक अंदाज टिपला : २ पेक्षा मोठी प्रत्येक संख्या तीन मूळ संख्यांची बेरीज असते असे दिसते. आता ३ घ्या. तीन मूळ संख्यांची बेरीज ३ कशी येणार? १ + १ + १ अशीच. ४ घेतले तर २ + १ + १, आणि ५ घेतले तर ३ + १ + १. म्हणजे गोल्डबाख १ ला बिनदिक्कत मूळ मानत होता. आजच्या व्याख्येने तीन मूळ संख्यांची लहानात लहान बेरीज २ + २ + २, म्हणजे ६. म्हणून आज हे विधान '५ पेक्षा मोठी' असे सुरू करावे लागते. व्याख्या बदलली की विधानाचे शब्दही बदलतात. ऑयलर स्वतः १ ला मूळ संख्यांत धरत नसे, तरी दोघांचा पत्रव्यवहार त्यावाचून अडला नाही. ३० जूनच्या उत्तरात ऑयलरने दाखवले, की प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते एवढे मानले तरी पुरते. ते खरे असल्याची त्याला खात्री होती, सिद्धता मात्र देता येत नव्हती. ती अजून कोणालाही देता आलेली नाही.

हे फार जुने झाले म्हणाल, तर अमेरिकन गणिती डेरिक नॉर्मन लेमर याने १९१४ साली छापलेली मूळ संख्यांची यादी पाहा. १ पासून १,००,०६,७२१ पर्यंतच्या सर्व मूळ संख्या त्यात आहेत. संगणकाच्या आधीच्या काळात पुढच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे हाताशी ठेवलेले हे पुस्तक. त्यातली पहिली मूळ संख्या १ आहे! एक कोटीच्या आत आज आपण ६,६४,५७९ मूळ संख्या मोजतो; लेमरच्या हिशेबाने त्या ६,६४,५८० होतात. आणि रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेणाऱ्या हार्डीने १९०८ मध्ये लिहिलेल्या शुद्ध गणिताच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही मूळ संख्यांची ओळ १ पासूनच सुरू होत होती. तीस वर्षांनी, १९३८ मध्ये, त्याच हार्डीने राइटबरोबर लिहिलेल्या संख्याशास्त्राच्या ग्रंथात १ मूळ नाही. सहावीतल्या मुलीचे उत्तर आणि हार्डीच्या पुस्तकातली ओळ जुळत असेल, तर फुली मारताना हात थोडा थबकायला हवा.

मग १ ला रांगेतून उठवले कोणी? कोणी एकाने नव्हे. पण त्यामागचे कारण स्पष्ट आहे, आणि ते गाऊसच्या १८०१ च्या ग्रंथापर्यंत नेता येते. प्रत्येक संयुक्त संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, हे त्याने तेथे नेमक्या शब्दांत मांडून सिद्ध केले. १२ म्हणजे २ × २ × ३. क्रम बदला, पण दोन २ आणि एक ३ याहून वेगळे काही निघणार नाही. आता १ ला मूळ माना. मग १२ म्हणजे १ × २ × २ × ३ हेही खरे, १ × १ × २ × २ × ३ हेही खरे, आणि याला अंतच नाही. 'एकाच प्रकारे' हे शब्द खोटे ठरतात. प्रत्येक प्रमेयात '१ सोडून इतर मूळ संख्या' असे लिहीत बसावे लागते. एखाद्या नियमाला जागोजागी तोच अपवाद जोडावा लागत असेल, तर तो अपवाद व्याख्येतच घालून मोकळे व्हावे, हा गणितातला जुना शहाणपणा.

परंतु एवढेच असते तर ती केवळ लिहिण्याची सोय ठरली असती, आणि मुलीने पुन्हा 'पण का?' म्हटले असते. खरी गंमत पुढे आहे. १८३२ मध्ये गाऊसने पूर्णांकांचे घर मोठे केले. उणे १ च्या वर्गमुळाला आपण येथे 'व' म्हणू; म्हणजे व × व = −१. मग ३ + २व, १ − ५व अशा संख्याही गाऊसने पूर्णांकच मानल्या. या नव्या घरात आपली ५ ही संख्या मूळ राहत नाही. तिचे अवयव पडतात : (२ + व)(२ − व) = ४ + १ = ५. पण (१ + २व)(१ − २व) हा गुणाकारही ५ च येतो. म्हणजे अवयव दोन प्रकारे पडले की काय? नाही. (२ − व) ला व ने गुणून पाहा. १ + २व मिळते. नवा अवयव हा जुनाच, फक्त व ने गुणलेला. येथे १, −१, व, −व या चार संख्या अशा आहेत की त्यांनी गुणले किंवा भागले तरी कोणत्याही संख्येच्या विभाजनात काहीच फरक पडत नाही. गाऊसने त्यांना एकके म्हटले.

येथे १ चे खरे गोत्र सापडले. तो एकुलता एक अपवाद नव्हता. त्याची भावंडे होती, आणि या मोठ्या घरात ती एकत्र दिसली. संख्यांची रांग दोनाऐवजी तीन ठिकाणी विभागली : एकके, मूळ आणि संयुक्त. योगायोगाने युक्लिडनेही १ ला एककच म्हटले होते, मात्र अगदी निराळ्या कारणाने.

पुढे डेडेकिंड वगैरेंनी याहून चमत्कारिक घरे तपासली. √−५ घातलेल्या घरात ६ = २ × ३ = (१ + √−५)(१ − √−५). यातले अवयव एककाने गुणून एकमेकांत बदलता येत नाहीत, आणि आणखी फोडताही येत नाहीत. तेथे 'जी फुटत नाही ती' आणि 'जी एखाद्या गुणाकाराला भागत असेल, तर त्यातल्या एका तरी अवयवाला भागतेच ती' या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. उच्च गणितात 'मूळ' हे नाव दुसरीला मिळाले. आपण वर्गात सांगतो ती व्याख्या पहिलीची आहे. आपल्या नेहमीच्या पूर्णांकांत दोन्ही एकच निघतात, आणि हे युक्लिडने सातव्या भागातच दाखवले असल्यामुळे शाळेत काही बिघडत नाही. व्याख्या कोणतीही घेतली तरी १ ला आधीच बाजूला ठेवावे लागते, कारण तो सगळ्यांनाच भागतो.

आपल्या भाषेतल्या नावाबद्दल एक शब्द. 'मूळ' म्हटले की मुलाला वाटते, ज्यापासून सारे उगवले ते. आणि बेरीज करत गेले तर साऱ्या संख्या १ पासूनच उगवतात. त्यात वर्गमुळातले 'मूळ' आणखी गोंधळ घालते. ग्रीक आणि लॅटिन नावांचा अर्थही 'पहिली' असाच आहे, तेव्हा दोष फक्त मराठीचा नाही. येथे उगवणे आहे ते गुणाकाराने, आणि गुणाकाराने १ पासून १ शिवाय काहीच उगवत नाही, एवढे त्याच वेळी सांगायला हवे.

शिबिराहून परत गेल्यावर बाईंनी वर्गात एक प्रयोग केला. १ ते ५० संख्या फळ्यावर लिहिल्या आणि चाळणी लावायला त्या मुलीलाच बोलावले. सांगितले, की तुझ्या म्हणण्याप्रमाणे १ मूळ आहे, तर त्याच्याभोवती गोल कर आणि नेहमीच्या रीतीने त्याच्या पटीतल्या बाकीच्या सगळ्या संख्या खोड. मुलगी २, ३, ४, ५ खोडत गेली, सातापाशी थांबली आणि हसू लागली. फळ्यावर एकटा १ उरणार हे तिला दिसले होते.

बाईंनी फुली खोडून अर्धा गुण दिला, आणि वहीतली व्याख्या सगळ्या वर्गाकडून दुरुस्त करून घेतली. त्यांनी पत्रात कळवले आहे की मुलगी अर्ध्या गुणावर खूश नाही. ऋण संख्या शिकवायला घेतल्यापासून तिचा नवा प्रश्न आहे : ७ जर मूळ, तर −७ का नाही?