गोदातीरींची माला

विष्णुपुरीपाशीं बंधाऱ्यानें विस्तारलेली गोदावरी वर पैठणावरून, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानावरून, वाहत येते. त्या कुळांतील हाल राजाच्या नांवावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृतांतील 'गाथासप्तशती'ंत ती 'गोला' ह्या नांवानें वारंवार भेटते. तिच्यांतील नांगरटी, कापसाचीं व तागाचीं शेतें, गांवचा पाटील, परदेशीं गेलेल्या पतीची वाट पाहणारी गृहिणी हीं सारीं आमच्या वाचकांना परकीं वाटूं नयेत.

संग्रहकर्ता म्हटला कीं पंडितांना प्रथम आठवतो तो ग्रीक मेलेआगर. इसवी सनापूर्वीं 100 च्या सुमारास त्यानें अनेक कवींचीं लघुकाव्यें निवडून त्यांची 'माला' गुंफिली, आणि प्रस्तावनेंत कवींस एकेक फूल वांटून दिलें. सॅफोच्या वांट्यास गुलाब आले. ती माला स्वतंत्र ग्रंथ म्हणून उरली नाहीं. परंतु तिच्यांतील पुष्कळ काव्यें इसवी सनाच्या दहाव्या शतकांतील एका बायझंटाइन हस्तलिखितांत, बहुधा कर्त्यांच्या नांवांसह, टिकलीं.

आमच्याकडे नेमकें उलट घडलें. ग्रंथाचें नांव व आकडा टिकला, आंतील माल मात्र बदलत गेला. एक कोटि गाथांतून सातशें निवडल्याचें आरंभींच सांगितलें आहे. कोटि हा आकडा कवीचा, हिशेबनिसाचा नव्हे! पण सातशें ही संख्या लेखकूंनीं फार मनावर घेतली. एक गाथा गळाली कीं दुसरी घालून भरती करावयाची. वेबर ह्या जर्मन पंडितानें 1870 व 1881 सालीं ग्रंथ छापिला. निरनिराळ्या परंपरांच्या पोथ्या ताडून पाहतां एकूण गाथा हजाराच्या घरांत गेल्या आणि सर्वांना समान अशा अवघ्या 430 च्या आसपास निघाल्या. लेखकूंवर रागवावें असें आम्हांस वाटत नाहीं. लोकांच्या तोंडीं असलेलें काव्य असेंच वाढतें. दरबारी कवींनींच हें खेडें रंगविलें, असाहि एक आक्षेप आहे. तो खरा मानला तरी शेताच्या बांधावरचें इतकें बारीक निरीक्षण दुरून होत नाहीं, असें आमचें मत आहे.

आमची हळहळ आहे ती नांवांची. टीकाकारांनीं दिलेल्या कवींच्या नांवांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, रोहा अशा स्त्रियाहि आहेत. महाराष्ट्रांतील ह्या आद्य कवयित्री म्हणावयाच्या. परंतु एकाच गाथेपुढें एक टीकाकार एक नांव लिहितो, तर दुसरा भलतेंच. स. आ. जोगळेकरांनीं 1956 सालीं सिद्ध केलेल्या मराठी आवृत्तीमुळें गाथा आतां घरींदारीं वाचतां येतात. त्यांतली कोणती खचित रेवेची, हें मात्र ठरत नाहीं.