गोळीचे पथ्य

आपल्याकडे वैद्याने पुडी हातात ठेवली की घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला. पथ्य काय? आंबट चालेल का, मासळी खायची की नाही, चहा किती वेळाने घ्यायचा? गर्भनिरोधक गोळीबद्दलही बायका आपसात हेच विचारतात. पण या गोळीचे सर्वांत मोठे पथ्य ताटातले नाही, धुराचे आहे. आणि ते पथ्य पाकिटावर छापून यायला तब्बल अठरा वर्षे लागली!

मे 1960 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'एनोव्हिड' ही गोळी गर्भनिरोधक म्हणून मान्य करीत असल्याचे जाहीर केले. ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी तिच्या मोठ्या चाचण्या 1956 पासून प्वेर्तो रिको बेटावर घेतल्या होत्या. तिथले काम पाहणाऱ्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवले होते की, गोळीने गर्भ राहत नाही, परंतु मळमळ, चक्कर, डोकेदुखी फार होते. या तक्रारी फारशा कोणी मनावर घेतल्या नाहीत. त्या गोळीत मेस्ट्रानॉल हे इस्ट्रोजेन 150 मायक्रोग्रॅम होते. आज आपल्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या 'माला-एन'मध्ये इस्ट्रोजेन आहे ते 30 मायक्रोग्रॅम.

1961 साली डब्ल्यू. एम. जॉर्डन या इंग्लंडमधील डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की, गोळी घेणाऱ्या त्यांच्या एका रुग्ण स्त्रीच्या फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली. पुढे अशा नोंदी वाढत गेल्या. 1968 मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे 1,400 फॅमिली डॉक्टरांनी जवळजवळ 46,000 स्त्रियांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यात निम्म्या गोळी घेणाऱ्या, निम्म्या न घेणाऱ्या. 1977 साली या अभ्यासातून मृत्यूंचा हिशेब पुढे आला. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका विशेषकरून पस्तिशी ओलांडलेल्या आणि सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांना होता. कारण समजायला सोपे आहे. इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठवणारे घटक वाढतात, तर धूर धमन्यांचे आतले अस्तर बिघडवतो. दोन्ही एकत्र आले की हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांची शक्यता वाढते.

दरम्यान अमेरिकेत जानेवारी 1970 मध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे गोळीची सुनावणी झाली. साक्षी डॉक्टरांच्या. गोळी घेणाऱ्या एकाही बाईला बोलावले नव्हते! तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या तरुणी उठून उभ्या राहिल्या आणि आम्हाला हे आधी का सांगितले नाही, असा जाब विचारू लागल्या. त्याच वर्षी पाकिटात छोटी माहितीपत्रिका घालण्याचा निर्णय झाला. 1978 मध्ये सिगारेटविषयीचा स्पष्ट इशाराही सक्तीचा झाला.

मग खाण्यापिण्याचे काय? गोळी उपाशीपोटी घ्या की जेवून, गुणात फरक पडत नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घेणे बरे. फेणी किंवा बियरने गोळी निकामी होत नाही. मात्र गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यावी लागते, आणि पिण्याच्या नादात गोळी विसरली तर तो दोष गोळीचा नव्हे. कॉफीच्या बाबतीत गंमत उलटी आहे. गोळीमुळे कॉफीतले कॅफीन शरीरातून हळू बाहेर पडते, म्हणून नेहमीच्याच कपाने एखादीला छातीत धडधड होते, झोप येत नाही. ग्रेपफ्रूटच्या रसाने इस्ट्रोजेनचे प्रमाण थोडे वाढते, घटत नाही.

खरी गाठ पडते ती दुसऱ्या औषधांशी. क्षयावरचे रिफाम्पिसिन यकृताला इतके कामाला लावते की गोळीतली संप्रेरके लवकर नष्ट होतात. 1971 पासून हे ठाऊक आहे, आणि क्षय घरोघर परिचयाचा असलेल्या आपल्या देशात ते प्रत्येकीला सांगायलाच हवे. 'सेंट जॉन्स वर्ट' ही उदासीवरची वनस्पतीही तेच करते. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, असे आपण सहज धरून चालतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

मराठी माणसाला इथे र. धों. कर्वे आठवतील. 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढून, पुढे 'समाजस्वास्थ्य' चालवून त्यांनी जन्मभर एकच सांगितले की, शरीराविषयीचे ज्ञान लपवू नका. गोळी आली तेव्हा त्यांना जाऊन सात वर्षे झाली होती.

आज जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्वच्छ आहे. वय पस्तीस वा अधिक आणि दिवसाला पंधरा किंवा जास्त सिगारेटी असतील तर इस्ट्रोजेनची गोळी घेऊच नये. कमी ओढत असाल तरी सहसा टाळावी आणि डॉक्टरांना विचारून दुसरा उपाय निवडावा. पण डॉक्टरांनी विचारायला हवे आणि बाईने संकोच न करता खरे सांगायला हवे. आपल्याकडे बाईला 'तुम्ही ओढता का?' असे विचारण्याचीच लाज वाटते. पाकिटातली घडी घातलेली ती बारीक अक्षरांची चिठ्ठी म्हणूनच फेकू नका. ती मिळावी म्हणून कोणीतरी भर सभेत उभे राहिले होते.