कात, कातडं आणि जिलेटिन: मॉडेल निवडताना काय सुटतं?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षीच्या आढावा बैठकीत मी जिलेटिनच्या पातळ फिल्मवर रंग कसा बसतो याचे आलेख दाखवले होते. आलेख देखणे होते, बिंदू सगळे रेषेवर होते. समितीतल्या एका मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "कातडं दोन-तीन मिलिमीटर जाड असतं. तुझ्या फिल्मला जाडी कुठे आहे?" मला उत्तर देता आलं नाही. पुढे जुने लेख वाचताना कळलं की याच प्रश्नापाशी दोनशे वर्षांपूर्वी मोठमोठी माणसं थबकली होती. ती गोष्ट आज सांगते. सध्या जे विषय निवडतायत, प्रपोजल लिहितायत त्यांना ती उपयोगी पडेल.

कमावणं म्हणजे नेमकं काय?

जनावराचं कच्चं कातडं ओलं राहिलं तर कुजतं आणि वाळवलं तर लाकडासारखं कडक होतं. ते कुजू नये आणि मऊ राहावं यासाठी जी प्रक्रिया करतात तिला आपण कातडी 'कमावणं' म्हणतो. कमावल्यावर त्याचं चामडं होतं.

कातड्याचा मुख्य घटक कोलॅजन नावाचं प्रथिन. त्याचे लांब रेणू एकमेकांना पीळ घालून बारीक तंतू होतात, तंतूंच्या जुड्या होतात आणि त्या जुड्या एकमेकींत गुंतून कातड्याची जाडी तयार होते. बाभळीची साल, हिरडा, कात, ओकची साल या सगळ्यांत टॅनिन असतं. कच्चं केळं किंवा हिरडा चावल्यावर तोंड कोरडं पडतं ते याच टॅनिनमुळे. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. कातड्यात ते कोलॅजनला चिकटतं, तंतूंमधलं पाणी हटवतं आणि जंतूंना ते प्रथिन पचवणं अवघड करतं.

जिलेटिन म्हणजे काय? तेच कोलॅजन, पण पाण्यात उकळून पीळ सोडवलेलं. रसायन जवळपास तेच, रचना मात्र गेलेली. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यावर उभी आहे.

सेगँची घाई

1790 च्या दशकात फ्रान्स युद्धात गुंतलेला होता आणि सैन्याला बूट हवे होते. पण ओकच्या सालीच्या खड्ड्यांत जाड कातडं कमावायला वर्ष-दीड वर्ष लागायचं. आर्माँ सेगँ हा लाव्हाझिएचा तरुण सहकारी. श्वसनावरच्या प्रयोगांत लाव्हाझिएने ज्याच्या श्वासाची मोजमापं घेतली तो हाच. सालीच्या अर्कात जिलेटिनचं द्रावण घातलं की लगेच साका बसतो, हे त्याने दाखवून दिलं. निष्कर्ष साधा होता: कमावणं म्हणजे टॅनिन आणि जिलेटिन यांचा संयोग.

भांड्यात हा संयोग क्षणात होतो, मग खड्ड्यात वर्ष का लागतं? सेगँचं उत्तर होतं की अर्क फार पातळ असतो. तो तीव्र करा, म्हणजे काम काही आठवड्यांत उरकेल. सरकारने त्याला पाठबळ दिलं आणि पॅरिसजवळ सीन नदीतल्या बेटावर त्याचा कारखाना उभा राहिला. ते बेट आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

तर्कात चूक दिसत नाही. तरी चूक आहे. कुठे, ते जरा थांबून स्वतः शोधून बघा.

डेव्ही आणि मुंबईचा कात

आता लंडनला जाऊ. 1801 मध्ये हंफ्री डेव्ही रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरीला लागला आणि त्याला लगेच काम मिळालं ते कातडी कमावण्याच्या रसायनशास्त्रावर व्याख्यानं देण्याचं. त्याला या धंद्यातलं काही माहीत नव्हतं. म्हणून तो प्रत्यक्ष कारखान्यांत जाऊन शिकला. ब्रेंटफर्डला चामड्याचा कारखाना असलेला सॅम्युएल पर्किस त्याचा मित्र झाला. फेब्रुवारी 1803 मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याचा यावरचा लेख वाचला गेला तेव्हा डेव्ही 24 वर्षांचा होता.

त्या लेखात आपल्याकडचा कात आहे. ओकची साल महाग होत चालली होती आणि तिला पर्याय हवा होता. जोसेफ बँक्समुळे डेव्हीला मुंबईचा आणि बंगालचा असे काताचे दोन नमुने तपासायला मिळाले. 200 ग्रेन, म्हणजे साधारण 13 ग्रॅम कातात त्याला मुंबईच्या नमुन्यात 109 ग्रेन टॅनिन मिळालं आणि बंगालच्या नमुन्यात 97. म्हणजे जवळपास अर्धा कात हा टॅनिनच. एक पौंड कात ओकच्या आठ-नऊ पौंड सालीचं काम करेल असा त्याचा हिशोब होता.

हे आकडे त्याने काढले जिलेटिन घालून, साका वाळवून आणि तोलून. म्हणजे मॉडेल सेगँचंच. पण डेव्ही तिथे थांबला नाही. त्याने खरी कातडी वेगवेगळ्या अर्कांत टाकून पाहिली. तीव्र अर्कात झटपट कमावलेल्या चामड्यापेक्षा पातळ अर्कात हळूहळू कमावलेलं चामडं मऊ आणि मजबूत निघतं, हे त्याला दिसलं. हळू कमावताना टॅनिनसोबत अर्कातले इतर पदार्थही कातड्यात जातात हेही त्याने नोंदवलं. आणि शेवटी त्याने कबुली दिली की कारागिरांनी अनुभवातून इतकी मजल मारलेली आहे, की आजवरच्या सिद्धान्ताने त्यात फारशी भर पडणार नाही.

24 व्या वर्षी, पहिल्या मोठ्या लेखात, आपला सिद्धान्त कमी पडतो असं लिहायला धीर लागतो.

चूक कुठे होती?

द्रावणातल्या जिलेटिनला आत-बाहेर नसतं. सगळ्या साखळ्या मोकळ्या असतात, टॅनिन आलं की लगेच गाठ पडते. कातड्याला मात्र जाडी आहे. टॅनिनचे रेणू मोठे, वाट अरुंद. अर्क सुरुवातीलाच तीव्र असला तर पृष्ठभागावरचं कोलॅजन इतकं टॅनिन धरतं की वाटाच बुजतात. बाहेरून चामडं तयार दिसतं आणि मधे कच्चा थर राहतो. शिवाय नुसत्या विसरणाने रेणू आत जायचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो.

म्हणून जुने कारागीर कातडं आधी वापरून मंद झालेल्या पाण्यात टाकत आणि मग टप्प्याटप्प्याने ताज्या, तीव्र अर्काकडे नेत. नियम थोडक्यात असा: आधी आत पोचू द्या, मग पक्कं करा.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक उत्तर होतं. कोल्हापूर भागात ढोर समाजातले कारागीर म्हशीचं किंवा बैलाचं कातडं चुन्यात भिजवून केस काढतात, जुन्या अर्कात ठेवतात आणि मग त्याची पिशवी शिवून टांगतात. पिशवीत बाभळीची साल आणि हिरड्याचा अर्क भरतात. वरच्या पाण्याच्या दाबाने अर्क कातड्यातून झिरपत खाली ठिबकतो. तो गोळा करून पुन्हा वर ओततात. नंतर पिशवी उलटी टांगतात, म्हणजे वरच्या भागालाही तेवढाच दाब मिळतो. खड्ड्यात टॅनिनला स्वतःच्या गतीने आत शिरावं लागतं, इथे द्रव त्याला आरपार वाहून नेतो. म्हणून काम काही आठवड्यांत होतं. सेगँला जो वेग हवा होता तो अर्क तीव्र करून नाही, तर वाहण्याची दिशा बदलून मिळतो.

हे ज्ञान डेव्हीच्या लेखात नाही. तिथे काताचं बंदर आहे, पण कात काढणारा माणूस नाही. सह्याद्रीत खैराचा गाभा उकळून कात काढणाऱ्या समाजाचं नावच कातकरी. कात काढणारे आणि कातडी कमावणारे, दोघांनाही जातिव्यवस्थेने गावाबाहेर आणि लिहिण्या-वाचण्याबाहेर ठेवलं. ज्यांच्या हाताला जाडीचा प्रश्न माहीत होता त्यांना प्रबंध लिहिता येत नव्हता आणि जे लिहीत होते ते त्या कामाला शिवतही नव्हते. ज्ञानाची ही तूट आजही पुरती भरलेली नाही.

नियम तोच, रसायन नवं

एकोणिसाव्या शतकात क्रोमियम आलं. 1858 मध्ये फ्रीडरिख क्नाप याने कमावण्याच्या सिद्धान्तावर लिहिताना क्रोमियमच्या क्षारांचाही विचार केला. धंद्यात चालेल अशी पद्धत 1884 मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने पेटंट केली. तिच्यात दोन टप्पे होते. पहिल्यात कातडं डायक्रोमेटच्या आम्लयुक्त द्रावणात. हे सहा-संयुजी क्रोमियम कोलॅजनला घट्ट धरत नाही, म्हणून अडथळ्याशिवाय आत जातं. दुसऱ्या टप्प्यात त्याचं आतल्या आत क्षपण करून तीन-संयुजी क्रोमियम करायचं. ते कोलॅजनच्या कार्बॉक्सिल गटांना धरून बसतं. आधी आत, मग पक्कं!

1893 मध्ये मार्टिन डेनिसने एकाच टप्प्याची पद्धत आणली, तिच्यात थेट तीन-संयुजी क्रोमियम वापरतात. आज हेच तत्त्व पीएचने साधतात. सुरुवात 3 च्या आसपास, कारण तेव्हा बहुतेक कार्बॉक्सिल गट क्रोमियम धरायला तयार नसतात. क्रोमियम आत पोचलं की पीएच हळूहळू 4 च्या आसपास नेतात. असं चामडं उकळत्या पाण्यातही सहसा आकसत नाही, कच्चं कातडं 60-65 अंशांलाच आकसतं. वर्षाचं काम दिवसावर आलं. त्याची किंमत म्हणजे सांडपाण्यातलं क्रोमियम. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

रंगवतानाही तेच. आम्लरंगाचे रेणू ऋणभारित असतात आणि आम्लात कातड्यावरचा धनभार वाढतो. म्हणून आधी आम्लता कमी ठेवून रंग आत जाऊ देतात आणि शेवटी फॉर्मिक आम्ल घालून बसवतात. उलट क्रम केला तर रंग वरच्यावर राहतो, चामडं कापलं की मधली फिकी रेघ दिसते.

माझ्या फिल्मवर ही रेघ कधीच दिसली नसती.

तर मग मॉडेल वापरूच नये?

वापरावंच. जिलेटिनशिवाय डेव्हीला काताचं मोजमाप करता आलं नसतं. पुढे टॅनिन मोजायला रसायनशास्त्रज्ञ जिलेटिन सोडून कातड्याची भुकटी वापरू लागले. म्हणजे मॉडेल एक पायरी खऱ्याकडे सरकलं, तरी जाडी त्यातही नव्हती. कोलॅजनच्या तीन साखळ्यांच्या पिळाची रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मद्रासहून मांडली ती 1954 मध्ये, डेव्हीच्या लेखानंतर दीडशे वर्षांनी. प्रत्येक मॉडेलने काहीतरी दाखवलं आणि काहीतरी झाकलं.

प्रपोजल लिहिताना आपण मॉडेल का निवडलं हे सगळेच लिहितात. त्याच पानावर आणखी दोन ओळी लिहा. पहिली: या मॉडेलने मूळ वस्तूतली कोणती गोष्ट काढून टाकली? जाडी, वेळ, तापमानातला चढउतार, मिसळलेले इतर पदार्थ, काहीही असेल. दुसरी: ती गोष्ट रोज हाताळणारं माणूस कोण आणि त्याच्याशी मी कधी बोलणार? डेव्ही व्याख्यानाआधी कारखान्यात गेला होता. मी आढावा बैठकीनंतर गेले. एका कारागिरांनी कातड्याची कड विळीने कापून मला मधला थर दाखवला आणि म्हणाले, "बघा ताई, अजून कच्चं आहे." त्यांना दोन सेकंदं लागली, माझे सहा महिने गेले होते.

आता मी जाड कातड्याचे काप घेऊन रंग किती खोल गेला ते मोजते. आलेख पूर्वीसारखे देखणे येत नाहीत.