टर्बोप्रॉप विमानं: 'पंख्याच्या विमानाला' अजून भविष्य आहे का?

इंजिनियरिंगला असताना नांदेड-हैदराबाद विमानाने आईला पहिल्यांदा घेऊन गेलो. ती उजव्या खिडकीशी बसली होती. बाहेर बघून म्हणाली, "अरे, इंजिनचा आवाज येतोय, पण पंखा तर फिरतच नाहीये!" मला उत्तर देता आलं नाही. नंतर शोधलं तेव्हा कळलं की एटीआर ७२ मध्ये जमिनीवर वीज आणि एसीसाठी वेगळं छोटं इंजिन नसतं. म्हणून उजवं इंजिन चालू ठेवतात आणि त्याचा प्रोपेलर ब्रेक लावून थांबवतात. याला 'हॉटेल मोड' म्हणतात.

लोक याला जुनाट विमान समजतात. पण आत जेटसारखंच गॅस टर्बाइन असतं. फरक इतकाच की त्याची बहुतेक ताकद गिअरबॉक्समधून प्रोपेलर फिरवायला जाते.

इंधन कमी का लागतं?

विमान हवा मागे ढकलतं आणि स्वतः पुढे जातं. दुप्पट हवा निम्म्या वेगाने ढकलली तरी धक्का तेवढाच मिळतो, पण त्या हवेला द्यावी लागणारी ऊर्जा निम्मी होते. मोठा प्रोपेलर नेमकं हेच करतो. सारख्या आकाराच्या प्रादेशिक जेटपेक्षा आपल्या विमानाला सुमारे ४५ टक्के कमी इंधन लागतं, असा एटीआर कंपनीचा दावा आहे. बदल्यात वेग कमी मिळतो. एटीआर ताशी साधारण ५०० किमीने उडतं, जेट ८०० च्या आसपास. अडीचशे किलोमीटरच्या प्रवासात हा फरक पाच-दहा मिनिटांचा असतो. मात्र एटीआर २५ हजार फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे पावसाळ्यात हादरे जास्त बसतात.

आपल्याकडे या विमानात बऱ्याचदा ७८ सीट दिसतात. त्यामागे हिशोब आहे. ८० पेक्षा कमी सीटच्या देशांतर्गत विमानांना अनेक विमानतळांवर लँडिंग चार्ज लागत नाही. शिवाय ४० टनांपेक्षा हलक्या विमानांच्या इंधनावर करसवलत आहे.

मग अडतं कुठे?

'उडान' योजनेतल्या पहिल्या फेऱ्या २७ एप्रिल २०१७ ला सुरू झाल्या, त्यात नांदेड-हैदराबाद होती. ती चालवणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली. हे एकट्या नांदेडचं नाही. कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले फक्त ५४. म्हणजे विमान कितीही काटकसरी असलं तरी सीट भरल्या नाहीत तर उपयोग नाही. नांदेडला २०२४ मध्ये पुन्हा सेवा आली ती स्टार एअरच्या एम्ब्रेअर जेटची. उलट सिंधुदुर्ग २०२१ ला आणि अमरावती एप्रिल २०२५ ला अलायन्स एअरच्या एटीआरनेच उघडले. गोव्यातल्या मोपाहून फ्लाय९१ सुद्धा एटीआरच उडवते.

मला खरी काळजी वाटते ती विमान बनवणाऱ्यांची. कॅनडाच्या डॅश ८-४०० चं उत्पादन २०२१ पासून थांबलंय. एम्ब्रेअरने नव्या टर्बोप्रॉपचं काम बाजूला ठेवलं. एटीआरने छोट्या धावपट्टीसाठीचं ४२-६००एस २०२४ मध्ये रद्द केलं. या आकारात पाश्चात्य कंपन्यांपैकी नवीन प्रवासी विमान आता जवळपास फक्त एटीआर देते, आणि एटीआर ७२ चा मूळ आराखडा १९८० च्या दशकातला आहे. स्पर्धाच नसेल तर नवं डिझाइन कोण घाईने आणणार?

बॅटरीवर उडेल का?

तुमच्या फोनमधल्यासारखी लिथियम-आयन बॅटरी किलोमागे साधारण पाव युनिट वीज साठवते. विमानाच्या इंधनात किलोमागे सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. मोटर टर्बाइनपेक्षा खूप कार्यक्षम असते हे धरूनही दरी मोठीच राहते. शिवाय इंधन जळेल तसं विमान हलकं होतं, बॅटरी संपली तरी तिचं वजन तेवढंच. त्यामुळे ७० सीटचं पूर्ण इलेक्ट्रिक विमान मला तरी लवकर दिसत नाही. हायब्रिडला संधी आहे. हायड्रोजनवर युनिव्हर्सल हायड्रोजनने मार्च २०२३ मध्ये एका बाजूच्या इंजिनाच्या जागी फ्युएल सेल बसवून डॅश ८ उडवलं, पण पुढच्या वर्षी कंपनीच बंद झाली.

त्यातल्या त्यात जवळचा मार्ग जैवइंधनाचा. जून २०२२ मध्ये स्वीडनमध्ये एटीआर ७२-६०० ने दोन्ही इंजिनं १०० टक्के शाश्वत इंधनावर चालवून चाचणी उड्डाण केलं. विमान तेच, धावपट्टी तीच. मात्र हे इंधन अजून महाग आणि कमी आहे.

तिकीट काढताना ॲपमध्ये 'एटीआर' दिसलं तर मागची सीट घ्या. तिथे आवाज कमी असतो आणि दरवाजा मागेच असल्याने आधी उतरता येतं. आईला मात्र अजून पंख्याजवळचीच खिडकी लागते.