घाणी, डबा आणि पळी : सुरतेच्या स्वयंपाकघरातील स्नेहाचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी तेलातुपाचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. सुरत म्हटली की आपली मराठी स्मरणशक्ती १६६४ आणि १६७० या दोन सालांभोवती घोटाळते, फार तर इंग्रज-डचांच्या वखारींपाशी जाऊन थांबते. परंतु गुजरातीत या शहराची ओळख एका म्हणीने सांगतात : मरण यावे तर काशीस, जेवण घडावे तर सुरतेस. जे शहर आपल्या ताटावरून ओळखले जाते, त्याचा इतिहास चुलीपाशी बसून वाचण्यात गैर काही नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आहारातील हितकर स्निग्ध पदार्थ कोणता, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत वारंवार बदलले. बहुतेक वेळा ते उत्तर घरातील बाईने शोधलेले नव्हते. कारखाना, बाजारभाव आणि सरकारी धोरण यांनी ते तिच्या दाराशी आणून ठेवले. तिच्या हाती एकच गोष्ट उरली, ती म्हणजे तेलाची पळी. त्या पळीचे महत्त्व आपण विसरलो.

आरंभ शब्दांपासून करू. ‘तेल’ हा शब्द ‘तैल’ यापासून आला आणि तैल म्हणजे तिळाचे ते. म्हणजे शेंगदाण्याचे तेल असे म्हणताना आपण नकळत तिळाचेच नाव घेतो. आयुर्वेदात स्निग्ध पदार्थाला ‘स्नेह’ म्हणतात आणि चरकसंहितेत तूप, तेल, वसा व मज्जा असे चार स्नेह सांगून तुपाला त्यांत श्रेष्ठ मानले आहे. मराठीत खाण्याच्या तेलाला ‘गोडे तेल’ म्हणत. दिव्याचे एरंडेल वेगळे, खाण्याचे गोडे तेल वेगळे, हा भेद भाषेतच होता. कोणते तेल कोठून आले व कशासाठी, हे त्या काळी नावावरूनच कळे.

आता सुरतेच्या परिसरातील दोन पदार्थ पाहा. दक्षिण गुजरातेत, विशेषतः वलसाडच्या बाजूस, हिवाळ्यात ‘उबाडियुं’ करतात. सुरती पापडी, कंद, रताळी आणि बटाटे रानपाल्यासह मडक्यात भरतात, मडके उपडे घालून भोवती जाळ करतात. त्यात तेलाचा थेंब नसतो आणि पाणीही नसते. रायगडातील आपली पोपटी ही त्याचीच सख्खी बहीण. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला, एवढाच काय तो फरक. उलट, सुरतेचे प्रसिद्ध उंधियुं जवळपास त्याच भाज्यांचे, पण ते तेलात न्हालेले. नाव मात्र उपड्या मडक्याचेच राहिले. रानातला तेलाविना शिजणारा पदार्थ शहरातील पातेल्यात शिरला आणि तेलाने समृद्ध झाला, असे या नावावरून दिसते. तेल ही पूर्वी संपन्नतेची खूण होती, हे यातून समजते.

तिसरा पदार्थ आणखी बोलका आहे. तांदळाच्या पिठाचे ‘खिचुं’ गुजरातेत वर कच्चे शेंगतेल घालून खातात. आपली तांदळाची उकडही कच्च्या तेलाबरोबरच खाल्ली जाते. खानदेशात कळण्याच्या भाकरीसोबत ठेचा आणि कच्चे तेल असते. या तिन्ही ठिकाणी तेल हे शिजवण्याचे साधन नसून ताटात शेवटी पडणारे जिन्नस आहे. ते डोळ्यांना दिसते, त्याचा वास येतो, आणि म्हणून ते मोजूनच पडते.

खानदेश आणि सुरत यांचे हे साम्य आगंतुक नाही. तापी खानदेशातून वाहत येऊन सुरतेखाली समुद्राला मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच खोऱ्यातून सुरत-अमळनेर रेल्वे झाली. पुढे यंत्रमागांच्या ओढीने जळगाव, धुळे, नंदुरबारकडील हजारो कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत येऊन वसली. त्यांच्या गाठोड्यात काळा मसाला होता आणि जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची चटणीही होती. गावी बैलघाणीचे तेल खाणाऱ्या या माणसांना शहरात मात्र दुकानातले डबाबंद तेल घ्यावे लागले. घाणीकडून डब्याकडे झालेला हा प्रवास समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही.

बैलघाणीच्या व्यवस्थेत एक वर्तुळ होते. शेतकऱ्याचे बी तेल्याकडे जाई, तेल घरी येई, पेंड गाईम्हशींच्या पुढ्यात पडे आणि तिचेच पुढे दूध-तूप होई. तेल कोणाच्या शेतातले, हे घराला ठाऊक असे. दक्षिण अमेरिकेतून आलेला भुईमूगही या वर्तुळात इतका मिसळला की तो परदेशी आहे याचा विसर पडला. यंत्राच्या गिरण्यांनी हे वर्तुळ मोडले. ते सावरण्याचा एक प्रयत्न मराठी मुलखातच झाला. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी घाणीवर प्रयोग केले आणि सुधारलेली ‘वर्धा घाणी’ पुढे आली. ग्रामोद्योगाची ही धडपड नेमकी त्याच दशकात झाली, ज्या दशकात डब्याने घरात पाऊल टाकले.

पातळ तेलाला हायड्रोजनच्या साहाय्याने घट्ट करण्याची कृती विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ च्या सुमारास पेटंट केली. अशा तेलाचे ‘वनस्पती तूप’ आपल्याकडे प्रथम हॉलंडातून येई. १९३२ मध्ये मुंबईत शिवडीला त्याचा कारखाना सुरू झाला आणि १९३७ पासून ‘डालडा’ हे नाव घरोघर पोचले. तुपासारखे रवाळ, तुपाहून स्वस्त आणि पुष्कळ दिवस टिकणारे असे ते होते. मध्यमवर्गीय घराला सणासुदीला तळण करता येऊ लागले, हा त्याचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. महात्मा गांधींनी त्याला विरोध केला, तो मुख्यतः एका मुद्द्यावर : तुपाचे सोंग घेऊन ते तुपात मिसळले जाते.

ही भेसळ ओळखण्यासाठी सरकारने काढलेला उपाय इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले. बोदुआँ चाचणीत तिळाचे तेल लालसर रंग देते. तुपात तो रंग दिसला की भेसळ उघड. ज्या तिळाने तेलाला नाव दिले, तोच नकली तुपाविरुद्ध साक्षीदार म्हणून उभा राहिला.

परंतु वनस्पतीतील खरा दोष भेसळीचा नव्हता, तो तिच्या घडणीतच होता. अर्धवट घट्ट केलेल्या तेलात ‘ट्रान्स’ जातीची मेदाम्ले तयार होतात. १९९० साली नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवून दिले की ती रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटवतात. वनस्पती ज्या देशातून आपल्याकडे आली, त्याच देशातून तिच्याविरुद्धचा पुरावाही आला. तरी आपल्याकडे कायद्याला वेळ लागला. २०११ मध्ये ट्रान्स मेदावर १० टक्क्यांची मर्यादा ठरली, पुढे ती ५ टक्के झाली, १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. डालडा घरात आल्यापासून मोजले तर ही पंचाऐंशी वर्षे होतात. इतक्या काळात तीन पिढ्यांनी तो डबा विश्वासाने रिकामा केला आणि रिकाम्या डब्यात तुळस लावली.

दरम्यान पातळ तेलाचीही उलथापालथ झाली. १९८६ च्या तेलबिया तंत्रज्ञान मोहिमेनंतर देशाचे तेलबियांचे उत्पादन १९८५-८६ मधील सुमारे १०८ लाख टनांवरून १९९८-९९ मध्ये २४७ लाख टनांपर्यंत गेले. मात्र १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली आणि स्वस्त पामतेलाने बाजार भरला. आज आपल्या एकूण खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून येतो. फरसाणाचा पुडा आपण सुरतेत बांधून घेतो, पण त्यातील तेल पुष्कळदा मलेशिया-इंडोनेशियातले असते.

मग शहाणपण कशात आहे? घाणीचे ते सारे अमृत आणि कारखान्याचे ते सारे विष, असा निष्कर्ष मी काढणार नाही. बुरशी लागलेल्या शेंगदाण्याचे तेल घाणीतून निघाले म्हणून शुद्ध होत नाही. सरकीच्या तेलातील गॉसिपॉल हे घातक द्रव्य शुद्धीकरणानेच दूर होते. इतिहास सांगतो ते वेगळे आहे. एकाच तेलावर भिस्त ठेवण्याचा आग्रह हा बाजाराचा आहे, परंपरेचा नव्हे. शेंगतेलात जवळजवळ निम्मे ओलिक अम्ल असते. तिळाच्या तेलात ओलिक आणि लिनोलिक साधारण सारखे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ कुळातील अम्लाचा, पण ते उष्णता सोसत नाही. म्हणूनच जवस तेलासाठी न आटवता चटणीत कुटून खाण्याची आपल्या आज्यांची रीत सयुक्तिक ठरते. तीळकूट, कारळ्याची चटणी, कोशिंबिरीतील दाण्याचे कूट या साऱ्यांत स्नेह दाण्याच्या आतच राहतो, सोबत चोथा आणि प्रथिनेही पोटात जातात. राष्ट्रीय पोषण संस्थाही आज आलटून पालटून अनेक तेले वापरण्याचाच सल्ला देते.

आणि शेवटची गोष्ट मापाची. उत्तम तेलाच्या एका ग्रॅमलाही ९ कॅलरीच असतात. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे तेल-तूप पुरे. चार प्रौढांच्या घराने महिन्याला सुमारे साडेतीन लिटरांत भागवावे, असा याचा हिशेब होतो. त्यात तुपाची धारही आली आणि चांदणी पडव्याला तुपात घोळलेली घारीही आली. सण वगळण्याची गरज नाही. सणाचे तळण रोजचे होऊ नये आणि तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये, एवढेच.

घाणी आपल्या गावातून गेली, डब्यावरचे नाव दर पिढीत बदलत राहिले आणि उद्याही बदलेल. किती, केव्हा आणि कशावर घालायचे, हा निर्णय मात्र अजून घरातच होतो. तो जाणतेपणाने घेण्याइतके शिक्षण प्रत्येक मुलामुलीला मिळावे, हे शाळेचे काम आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो, त्यांनी आयुष्यभर केलेले काम याहून वेगळे नव्हते.